पत्रपेटीवर नाव: पुण्याहून जर्मनीत गेल्यावर घर आणि नोकरी मार्गी लावताना

दर वर्षी गणपती उठले की आमच्या कोथरूडच्या घरी कोणी ना कोणी सल्ला घ्यायला येते. कधी चाकण किंवा हिंजवडीच्या कंपनीतून जर्मनीला बदली झालेला भाच्याचा मित्र असतो, तर कधी सोसायटीतली नुकतेच लग्न झालेली मुलगी. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात: "काकू, कुकर न्यायचा का? थंडीचे कोट इथून घ्यायचे की तिकडे?" स्टुटगार्टमध्ये सहा वर्षे नोकरी करून आले असल्यामुळे मला हे विचारले जाते आणि मी कुकरचे उत्तर देतेही. मात्र पत्रपेटीवर नाव कसे लावायचे, हे मला आजवर एकानेही विचारलेले नाही, आणि पहिल्या महिन्यात बहुतेकांचे अडते ते नेमके तिथे.

पुण्यात आपली निम्मी कामे ओळखीने होतात आणि त्यात गैर असे काही नसते. पत्ता सांगताना "मारुतीच्या देवळासमोर, दवाखान्याच्या वर" एवढे पुरते, कुरिअरवाला वॉचमनकडे पाकीट ठेवून जातो आणि बँकेत अडले तर शाखेतले कोणीतरी "बसा, करून देतो" म्हणते. जर्मनीत हीच कामे लेखी कागद, आधी घेतलेली वेळ आणि दारावरचे नाव यांच्या आधारे चालतात. नवा माणूस तिथे गोंधळतो तो भाषेमुळे असे सगळे समजतात. माझ्या मते भाषेपेक्षा ओळखीचा आधार एकाएकी सुटल्यामुळे तो अधिक गोंधळतो. पुढे लिहिलेले नियम जर्मनीचे आहेत, पण तयारीचा क्रम अन्यत्र जाणाऱ्यांनाही उपयोगी पडावा.

निघण्यापूर्वी पुण्यात

सामानाच्या आधी कागद पाहावेत. जन्मदाखला, लग्नाचे नोंदणी प्रमाणपत्र, पदवीची मूळ प्रमाणपत्रे, जुन्या नोकऱ्यांची अनुभवपत्रे आणि मुलांची लसीकरणाची वही एका पिशवीत ठेवून ती विमानात हातात घ्यावी. लग्नाचे प्रमाणपत्र महापालिकेच्या नोंदणीचेच लागते, मंगल कार्यालयाची पावती किंवा गुरुजींचे पत्र तिथे चालत नाही. मुलांच्या वहीत गोवराच्या लसीची नोंद स्पष्ट असावी, कारण मार्च २०२० पासून जर्मनीत पाळणाघर किंवा शाळेत घालताना तिचा पुरावा मागितला जातो.

नावाचा घोळ इथेच निस्तरावा. लग्नानंतर आधारवर नवे आडनाव, पासपोर्टवर माहेरचे आणि पदवीवर वडिलांच्या नावासह तिसराच क्रम, ही आपल्याकडची नेहमीची स्थिती आहे. आपल्याला तिचे काही वाटत नाही, पण तिथल्या कारकुनाला ती तीन वेगळी माणसे वाटतात. भाडेकरार, नोकरीचा करार आणि बँकेचा अर्ज या सर्वांवर पासपोर्टवरचे नाव अक्षरशः तसेच लिहावे.

नोकरीसाठी देश सोडल्यावर भारतातले नेहमीचे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या खात्यात बदलून घ्यावे लागते. शाखा ओळखीची असेल तर हे काम निघण्यापूर्वीच बोलून ठेवावे. भारतातले मोबाइलचे सिमकार्ड मात्र बंद करू नये. बँक, आयकर आणि आधार यांचे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात, आणि तो क्रमांक गेला की परदेशातून खाते उघडून पाहणेही जड जाते. फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल तर ठरावीक कामांपुरते मुखत्यारपत्र वकिलाकडून करून घरातल्या एका माणसाच्या नावे द्यावे. दात आणि चष्मा ही दोन्ही कामेही पुण्यातच उरकावीत, कारण तिथला सरकारी पद्धतीचा आरोग्यविमा प्रौढांच्या चष्म्याचा खर्च सहसा देत नाही आणि दातांच्या मोठ्या कामात बराच वाटा आपल्याला उचलावा लागतो.

आता सामान. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. त्यामुळे आईने दिलेला तुपाचा डबा, पेढे आणि खव्याची मिठाई पुण्यातच राहू द्यावी. ताजा कढीपत्ता आणि आंबे यांना वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते; नारळाला त्यातून सूट आहे. मेतकूट, गोडा मसाला, थालिपिठाची भाजणी आणि बाकरवडी खुशाल न्यावी. तुपाचे दुःख करू नये, तिथले बिनमिठाचे लोणी कढवले की उत्तम रवाळ तूप होते. क्वार्क नावाचा पदार्थ प्रत्येक दुकानात मिळतो. त्यातला ४० टक्के स्निग्धांशाचा घेऊन रात्रभर फडक्यात टांगून ठेवला की पाडव्याच्या श्रीखंडाला चक्का तयार होतो. मिक्सर न्यायला हरकत नाही, कारण वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची असते. फक्त आपली तीन पिनांची वायर तिथल्या भिंतीत बसत नाही, म्हणून ॲडॉप्टर सोबत ठेवावा. कुकर घ्यायचाच असेल तर इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा घ्यावा. कोट तिकडेच घ्यावेत. पुण्यात मिळणारे कोट महाबळेश्वरच्या थंडीचे असतात.

पहिले चौदा दिवस

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात जाऊन आपल्या पत्त्याची नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी पासपोर्टबरोबर घरमालकाने सही करून दिलेले एक पत्र लागते, ज्यात अमुक तारखेपासून हे इथे राहतात असे लिहिलेले असते. नुसत्या भाडेकरारावर भागत नाही. कार्यालयाची वेळ, म्हणजे टेर्मीन, शक्य असेल तर पुण्यातूनच संगणकावर घेऊन ठेवावी, कारण मोठ्या शहरांत ती आठवडेच्या आठवडे मिळत नाही. नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचे सदस्य असणाऱ्यांच्या प्राप्तिकरावर आठ किंवा नऊ टक्के चर्चकर बसतो, इतरांना तो लागू नाही, तेव्हा हा रकाना समजून भरावा.

या एका नोंदीवर पुढचे सगळे उभे आहे. करओळख क्रमांक काही आठवड्यांनी टपालाने येतो, आणि तो वेळेत कंपनीला दिला नाही तर पगारातून वाजवीपेक्षा अधिक कर कापला जाऊ शकतो. जास्तीचा कर पुढे परत मिळतो, पण पहिल्याच महिन्यात घराची अनामत भरायची असताना ते परवडत नाही. बँकेचे कार्ड एका पाकिटात आणि त्याचा गुप्त क्रमांक दुसऱ्या पाकिटात, तेही वेगवेगळ्या दिवशी येतात. विमा कंपनीचे आरोग्यकार्डही टपालानेच येते.

आता पत्रपेटीकडे वळते. जर्मन पत्त्यात रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड आणि गाव एवढेच असते. फ्लॅटचा क्रमांक बहुधा नसतो. पोस्टमन इमारतीत येतो, पेट्यांवरची आडनावे वाचतो आणि ज्याचे आडनाव सापडत नाही त्याचे पत्र परत पाठवतो. मला हे कोणी सांगितले नव्हते. मी वहीच्या कागदाच्या चिठोऱ्यावर नवऱ्याचे आडनाव लिहून चिकटपट्टीने लावले होते, तेही पेटीवर, घंटीवर नाही. माझ्या पासपोर्टवर माझे माहेरचे आडनाव आहे. तीन आठवडे माझ्या नावाचे एकही पत्र आले नाही. बँकेत जाऊन विचारले, तर तिथल्या मुलीने पडद्यावर पाहून शांतपणे सांगितले की गुप्त क्रमांकाचे पाकीट या पत्त्यावर अशी व्यक्ती राहत नाही म्हणून परत आले आहे. त्या दिवशी परतताना मी दोन्ही आडनावे ठळक छापून पेटीवर आणि घंटीवर लावली, आणि चौथ्या दिवसापासून टपाल सुरू झाले. घराची किल्ली हातात पडली की सामान उघडण्याआधी हे काम करावे, आणि घरात जितकी आडनावे असतील तितकी लावावीत.

येणारे प्रत्येक पत्र दोन भोकांच्या जाड फायलीत तारखेनुसार लावावे. सरकारी निर्णयावर हरकत घेण्याची मुदत सामान्यतः एक महिन्याची असते, म्हणून न कळलेले पत्र बाजूला टाकू नये, त्याच दिवशी कोणाकडून तरी वाचून घ्यावे. रेडिओ-दूरचित्रवाणीच्या वर्गणीचे पत्र आल्यावर अनेकांना ते फसवणुकीचे वाटते. ते खरे असते. घरात टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घरामागे एक वर्गणी द्यावी लागते. २०२१ साली ठरलेला तिचा दर दरमहा १८.३६ युरो आहे.

घर आणि जिना

जाहिरातीत दोन खोल्यांचे घर लिहिलेले असेल तर तो आपला १ बीएचके समजावा, कारण स्वयंपाकघर आणि न्हाणीघर खोल्यांत मोजत नाहीत. भाड्याचे दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचे भाडे आणि वार्ममीटे म्हणजे त्यात उष्णता, पाणी, कचरा इत्यादींची आगाऊ रक्कम मिळवून झालेले भाडे. वर्षअखेर प्रत्यक्ष वापराचा हिशेब येतो आणि हिवाळाभर उष्णता पूर्ण ठेवून खिडकी किलकिली ठेवणाऱ्यांना तो जड जातो. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी घेता येते. घर सोडताना भाडेकरूने तीन महिने आधी लेखी कळवायचे असते. अनेक घरांत स्वयंपाकाचा ओटा, सिंक आणि शेगडी यांतले काहीच नसते, नुसत्या भिंती आणि नळाची तोंडे असतात. जुना भाडेकरू ते सारे उचकटून घेऊन गेलेला असतो किंवा तुम्हाला विकू पाहतो. घर ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढून हस्तांतराच्या कागदावर लिहून घ्यावा, कारण सोडताना मालक त्याच कागदावर बोट ठेवतो.

हिवाळ्यात खिडक्या घट्ट लावून बसण्याची इच्छा होते आणि महिन्याभरात कपाटामागे काळी बुरशी धरते. दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटांनी बंद कराव्यात, अशी तिथली रीत आहे. आपण तीन वेळा फोडणी देतो आणि कपडे घरातच वाळत घालतो, त्यामुळे आपल्याला ती अधिक लागू पडते.

दार ओढले की बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. कचरा टाकायला म्हणून चपला घालून बाहेर पडलेला माणूस जिन्यात अडकतो आणि कुलूप उघडणाऱ्याचे रात्रीचे दर ऐकून त्याची झोप उडते. एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी. किल्ली हरवणे त्याहून महाग पडते, कारण पुष्कळ इमारतींत सगळी कुलपे एकाच साखळीतली असतात आणि सगळीच बदलण्याचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो. यासाठी हाफ्टफ्लिष्ट नावाचा नुकसानभरपाईचा विमा पहिल्याच आठवड्यात काढावा. वर्षाला त्याचा हप्ता थोडा असतो. किल्लीच्या नुकसानीचा त्यात समावेश आहे ना, हे मात्र वाचून घ्यावे.

स्टुटगार्ट आणि आसपासच्या श्वाबेन भागात जिना झाडण्याची पाळी असते. तिला केरवोखे म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द शिकवावा लागत नाही, उच्चारात केर आणि अर्थातही केर. योगायोग असला तरी सोयीचा आहे. मला मात्र तो उशिरा कळला. एका सोमवारी संध्याकाळी घरी आले तर दाराच्या मुठीला सुतळीने अडकवलेली लाकडी पाटी दिसली, तिच्यावर वळणदार अक्षरांत एक शब्द रंगवलेला होता. कोणीतरी नव्या शेजाऱ्यांसाठी भेट ठेवली असावी, अशा समजुतीने मी ती आत नेऊन दिवाणखान्यात तुळशीबागेतल्या समईशेजारी मांडली. आठ दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या आजींनी घंटी वाजवली. त्यांनी नमस्कार केला, आमच्या खांद्यावरून आत पाहिले, पाटी ओळखली आणि एकेक शब्द सुटा करून सांगितले की या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची होती आणि तो झाडला गेलेला नाही. मग त्यांनी मला तळघरातला झाडू दाखवला, पायरीच्या कोपऱ्यात तो कसा आडवा धरायचा तेही दाखवले, आणि झाडून झाल्यावर पाटी शेजारच्या दाराला अडकवायला लावली. पुढच्या सहा वर्षांत याच आजींनी आमची सर्वांत जास्त पत्रे वाचून दिली. पाळी चुकली म्हणून घर सोडावे लागत नाही, पण जिना वेळेवर झाडणाऱ्या माणसाशी तिथले लोक आपण होऊन बोलू लागतात.

रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर आवाज करायचा नसतो. मिक्सर, ड्रिल आणि व्हॅक्यूम क्लीनर यांची कामे शनिवारी उरकावीत. रविवारी दुकानेही बंद असतात, त्यामुळे दूध-भाजी शनिवारीच आणावी लागते. कागदाला निळा डबा, ओल्या कचऱ्याला तपकिरी, वेष्टनांना पिवळा आणि उरलेल्याला काळा, असे रंग बहुतेक शहरांत असतात, आणि निर्माल्य तपकिरी डब्यात जाते. काचेच्या बरण्या रंगानुसार चौकातल्या टाक्यांत टाकायच्या, रविवारी नाही. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते आणि दुकानातल्या यंत्रात बाटली परत दिली की ती मिळते, म्हणून बाटल्या चेपू नयेत.

प्रवास

स्थानकात फाटक नसते म्हणून तिकीट नको असे समजू नये. तपासनीस साध्या कपड्यांत येतात आणि विनातिकीट प्रवासाचा दंड ६० युरो आहे. देशभरातल्या स्थानिक गाड्यांना चालणारे मासिक तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाले. २०२५ मध्ये ते ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंचे झाले. ते आपोआप पुढे चालू राहते, म्हणून सुट्टीवर पुण्याला जाताना बंद करायचे असेल तर आधीच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत कळवावे.

आपला वाहन परवाना राहायला गेल्यापासून सहा महिने चालतो. नंतर तिथली लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. पुण्यात वीस वर्षे गाडी चालवल्याचा अनुभव परीक्षेत कामाला येत नाही, काही बाबतीत आडच येतो. खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे हा नियम मला अंगवळणी पडायला सर्वांत वेळ लागला.

कचेरीत

माझ्या पहिल्या महिन्यात साहेबांनी एका चाचणीच्या अहवालाबद्दल विचारले, "शुक्रवारपर्यंत होईल का?" मी इंग्रजीत उत्तर दिले, पण मनातले वाक्य मराठी होते: "हो, बघते." आपल्या "बघते"मध्ये काय काय मावते हे पुणेकराला सांगायला नको. "नक्की करते" पासून "जमणार नाही, पण तोंडावर नाही कसे म्हणू" इथपर्यंत सगळे त्यात बसते आणि ऐकणारा सुरावरून ओळखतो. साहेबांनी सूर ऐकला नाही, शब्द ऐकला आणि बैठकीच्या टिपणात शुक्रवार अशी नोंद केली. शुक्रवारी दहा वाजता ते माझ्या टेबलाशी आले. ते रागावले नव्हते, त्यांना खरोखर कळत नव्हते. "तुम्ही हो म्हणाला होतात," एवढेच ते म्हणाले. सोमवारीच मला ठाऊक होते की एका पुरवठादाराचे आकडे बुधवारच्या आत येणार नाहीत आणि त्यानंतर किमान तीन दिवस लागतील.

तेव्हापासून मी एक पद्धत ठरवली आणि जाणाऱ्या प्रत्येकाला तीच सांगते. काम विचारले गेले की आधी तारीख सांगावी, मग ती तारीख कशावर अवलंबून आहे ते सांगावे आणि शेवटी कोणाकडून काय हवे ते मागावे. "शुक्रवारी होणार नाही, पुढच्या मंगळवारी होईल, आकडे बुधवारी आले तर," हे वाक्य आपल्या कानाला उद्धट वाटते. तिथे ते जबाबदारीचे समजतात. काम लांबणार हे ज्या क्षणी कळेल त्याच क्षणी कळवावे. ठरलेल्या दिवशी कळवले तर ती बातमी राहत नाही, चूक होते. आपली होकाराची आडवी मानही आवरावी, समोरच्याला ती नकाराची वाटते.

टीका सरळ येते. माझ्या आराखड्यावर एका सहकाऱ्याने सर्वांसमोर "हे चुकीचे आहे" असे म्हटले, आणि मी दिवसभर जेवले नाही. तोच सहकारी दुपारी शेजारी बसून सह्याद्रीतल्या पावसाबद्दल विचारत होता. त्याच्या दृष्टीने चूक आराखड्याची होती, माझी नव्हे. श्वाबेन भागात एक म्हण आहे, तिचा अर्थ असा की ओरडा मिळाला नाही म्हणजे पुरेसे कौतुक झाले. "वाईट नाही" असे कोणी म्हणाले तर त्या दिवशी घरी गोड करावे.

मोठ्यांना आणि अनोळखी व्यक्तींना आडनावाने आणि आदरार्थी "झी"ने संबोधावे. एकेरी "डू" वयाने किंवा पदाने मोठ्या असलेल्याने आधी देऊ करायचा असतो. दुपारी बाराच्या सुमारास जिन्यात लोक "मालत्साइट" म्हणतात, त्याला उत्तरही "मालत्साइट" असेच असते. ज्याचा वाढदिवस असतो तोच कचेरीत केक आणतो, आणि वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा देणे अशुभ मानतात.

उशिरापर्यंत थांबणाऱ्या माणसाबद्दल इथे आदर वाटतो. तिथे त्याला कामाचे नियोजन जमत नाही असा निष्कर्ष निघण्याची शक्यता अधिक. कायद्याने दिवसाचे काम आठ तासांचे असते, सरासरी राखून ते दहापर्यंत नेता येते, आणि एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचे सुरू होईपर्यंत ११ तासांची विश्रांती हवी. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षातून किमान २० दिवसांची पगारी रजा मिळते, बहुतेक कंपन्या त्याहून जास्त देतात. रजेचे वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच भरतात, म्हणून नवे पंचांग आल्याबरोबर दिवाळीची तारीख पाहून अर्ज द्यावा. मुलांच्या शाळेला मात्र दिवाळीची सुटी नसते आणि शाळा बुडवणे हा तिथे गुन्ह्यासारखा प्रकार आहे.

सुरुवातीचा परीक्षाकाळ सहसा सहा महिन्यांचा असतो आणि त्यात दोन आठवड्यांच्या सूचनेने कोणतीही बाजू करार संपवू शकते; तोवर महाग फर्निचर घेऊ नये, असे मी म्हणेन. भारतातल्या कंपनीने काही काळासाठी पाठवले असेल तर २०१७ मध्ये लागू झालेल्या भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा कराराप्रमाणे ४८ महिन्यांपर्यंत भविष्यनिर्वाह निधी इथेच चालू ठेवता येतो. त्याचे प्रमाणपत्र कंपनीकडून निघण्यापूर्वी मागून घ्यावे.

आजारपण

बरे नसेल तर कामाची वेळ सुरू होण्यापूर्वी कंपनीला कळवावे. आजार तीन दिवसांहून लांबला तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र कायद्यानेच लागते आणि कंपनी ते आधीही मागू शकते. नोकरीचे पहिले चार आठवडे पूर्ण झाल्यावर आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मिळतो. सुट्टीत आजारी पडून प्रमाणपत्र दिले तर ते दिवस रजेतून वजा होत नाहीत, हे अनेकांना वर्षानुवर्षे माहीत नसते. घराजवळचा हाउसआर्त्स्ट, म्हणजे कुटुंबाचा डॉक्टर, धडधाकट असतानाच शोधून ठेवावा. सर्दी-तापाला तो बहुधा चहा आणि विश्रांती सांगेल. प्रतिजैविकाचा आग्रह धरू नये. तातडीला ११२, पोलिसांना ११० आणि रात्री-अपरात्री पण जिवावर न बेतलेल्या दुखण्याला ११६११७ हे क्रमांक फ्रिजवर लावावेत. पती किंवा पत्नीला उत्पन्न नसेल तर सरकारी पद्धतीच्या विम्यात जोडीदार आणि मुले वेगळ्या हप्त्याशिवाय येतात.

भाषा, जोडीदार आणि घरचा फोन

बोट क्लब रस्त्यावरचे मॅक्समुल्लर भवन किंवा फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूट इथे निदान पहिल्या दोन पातळ्या करून जावे. पुण्यात शिकलेले जर्मन आणि स्टुटगार्टच्या भाजीवालीचे जर्मन यांत पुस्तकी मराठी आणि मालवणी इतके अंतर असते, म्हणून पहिल्या महिन्यात काहीच कळले नाही तरी शिकवणीला दोष देऊ नये. ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या निवासपरवान्यावर गेलेल्यांना बी१ या मधल्या पातळीच्या भाषेवर २१ महिन्यांनी आणि ए१ या पहिल्या पातळीवर २७ महिन्यांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. निवासपरवान्याची मुदत संपण्याच्या आत नूतनीकरणाचा अर्ज लेखी पोचता करावा. मग भेटीची वेळ उशिरा मिळाली तरी परवाना तोवर चालू मानला जातो.

खरी परीक्षा नोकरी न करणाऱ्या जोडीदाराची होते. डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो, दार वाजवणारे कोणी नसते आणि मदतीला येणाऱ्या ताईही नसतात. जोडीदाराला सहसा नोकरीची परवानगी असते, म्हणून पहिल्याच महिन्यात त्याचे किंवा तिचे नाव भाषावर्गात घालावे. परदेशातून आलेल्यांसाठीच्या सरकारी एकात्मता वर्गात ६०० तास भाषेचे आणि १०० तास तिथल्या व्यवस्थेचे असतात. मराठी मंडळाच्या गणपतीला जरूर जावे, पण फक्त तिथेच जाऊ नये. आठवड्यातला एक दिवस गायनवृंद, पोहणे किंवा बागकाम अशा एखाद्या स्थानिक मंडळाला द्यावा. तिथे कोणी लगेच घरी बोलावत नाही. आम्हाला पहिले जेवणाचे आमंत्रण १४ महिन्यांनी आले, आणि ते पाच आठवडे आधी आले.

पुण्याचे घड्याळ हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असते. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. रविवारी सावकाश अकराला उठून फोन लावला तर उन्हाळ्यात इकडे अडीच वाजलेले असतात, म्हणजे नेमकी बाबांच्या वामकुक्षीची वेळ. तिथल्या नऊची वेळ ठरवावी.

आई-वडील पाहुणे म्हणून आले तर त्यांना १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास-आरोग्य विमा लागतो. माझे आई-वडील आले तेव्हा बाबांना एकदा रुग्णालयात न्यावे लागले. बिल टपालाने येणार म्हटल्यावर मी घरी येऊन आधी पत्रपेटी पाहिली. माझे आडनाव तेच असल्यामुळे ते पाकीट बरोबर पोचले. सासूबाईंच्या माहेरच्या मावशी पुढच्या वर्षी आल्या, तेव्हा त्या यायच्या आदल्या रात्री नवऱ्याने तिसरे आडनाव छापून पेटीवर लावले.